दोन क्रियापदे आणि एक निरंक अहवाल

बारा वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात, दहावीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता, बीड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एका शिक्षकाने एका कागदावर सही करायला नकार दिला. मुख्याध्यापकांच्या खोलीत तेव्हा पाच जण होते. चार शाळेचे होते: मुख्याध्यापक, लिपिक, शिपाई आणि तो शिक्षक. पाचवा मी होतो.

त्या कागदाला पर्यवेक्षकाचा अहवाल म्हणतात. परीक्षेच्या प्रत्येक खोलीतल्या पर्यवेक्षकाने पेपर संपल्यावर तो भरायचा असतो. किती हजर, किती गैरहजर, किती गैरप्रकार. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: निरंक. सरकारी मराठीत निरंक म्हणजे काहीही नाही.

त्या केंद्रावर हा अहवाल पेपर संपल्यावर नव्हे, पेपर सुरू होण्याआधी भरला जायचा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नेणारी जीप पेपर सुटताच दारात यायची आणि तिला पुढे आणखी दोन केंद्रे करायची असायची. म्हणून सकाळी प्रश्नपत्रिकांची पाकिटे वाटतानाच सह्या उरकून घ्यायची पद्धत पडली होती. तसा कोणाचा आदेश नव्हता. त्यात कोणाला वावगेही वाटत नव्हते. त्या दिवशी अकरा पर्यवेक्षकांनी सह्या केल्या आणि पाकिटे घेऊन ते आपापल्या खोल्यांकडे गेले. बाराव्याने कागद उचलला, वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

बारावे म्हणजे इंग्रजीचे सर. ज्याचा विषय त्याला त्या दिवशी परीक्षेच्या खोलीत पाठवत नाहीत, म्हणून गणिताला ते होते.

मी त्याच शाळेत आठवी ते दहावी त्यांच्याकडे शिकलो. नंतर बीडला एका दैनिकात लागलो. त्या सकाळी कॉपीमुक्त परीक्षेची बातमी करायला मी केंद्रावर गेलो होतो आणि मुख्याध्यापकांनी मला चहा दिला होता.

सर उंच होते, सडपातळ होते, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. वेळ पाहायची झाली की हात असा वळवत, जणू कोणाकडे काही मागत आहेत. ते घड्याळ रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या ठोक्याला लावले जाई. त्यांच्याबद्दल शाळेत दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, ते सही केली की तिच्याखाली वेळ टाकत. दोन, त्यांना डिनाय आणि रिफ्यूज या दोन क्रियापदांचा नाद होता.

दुसरी गोष्ट आधी सांगतो.

इंग्रजीच्या पुस्तकात त्या दोन शब्दांना अर्धे पानही नव्हते. सरांनी आमच्या वर्गात त्यावर सगळा पावसाळा घालवला. त्यांचे म्हणणे असे, की आपण मराठीत दोन्हीला ‘नाकारले’ म्हणून मोकळे होतो आणि मग कोणी काय केले तेच कळत नाही. झालेली गोष्ट झालीच नाही म्हणणे, हे डिनाय. पुढ्यात आलेली गोष्ट करणार नाही म्हणणे, हे रिफ्यूज. एकाचे तोंड मागे, दुसऱ्याचे पुढे. रोज प्रत्येकाने घरून एक-एक वाक्य आणायचे, घरात खरोखर घडलेले. पुस्तकातले चालत नसे.

एका मुलीने आणलेले वाक्य मला अजून पाठ आहे. ती उभी राहून म्हणाली, “सर, आमच्या आज्यानं गोळी घ्यायला रिफ्यूज केलं. मग मायनं इचारलं, गोळी फेकली का? तर त्यानं डिनाय केलं.”

“गोळी सापडली का?”

“सापडली. बाजंखाली.”

“मग बस,” सर म्हणाले. “आज्याला सांग, पहिलं बरोबर होतं.”

मागच्या बाकावर मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा होता. चार-चार दिवस शाळेला नसायचा. त्याला वाक्य विचारले तेव्हा तो म्हणाला, “मेंढरू पाण्यात उतरायला रिफ्यूज करतंय.”

“आणि डिनाय?”

तो बाकाची कड धरून उभा राहिला. वर्ग हसायला लागला. मग म्हणाला, “मेंढरू डिनाय करत न्हाई, सर.”

सरांनी खडू खाली ठेवला. त्या तीन वर्षांत त्यांनी कोणाला शाबासकी दिल्याचे मला एवढे एकदाच आठवते, आणि तीही त्यांनी त्या मुलाकडे न पाहता दिली. “ऐका बे,” ते वर्गाला म्हणाले. “जनावर रिफ्यूज करतं. डिनाय माणूसच करतो.” मग फळ्यावर दोन्ही शब्द पुन्हा लिहून ते म्हणाले, “डिनाय तोंडानं होतं. रिफ्यूज अंगावर येतं.”

हे वाक्य ते दरवर्षी प्रत्येक तुकडीला सांगत. शाळेतल्या शिक्षकांनी त्याची थट्टा केली होती. शिक्षकांच्या खोलीत कोणी दुसरा चहा नको म्हणाला, की कोणीतरी म्हणायचे, “रिफ्यूज करू नका, अंगावर येईल.” सर तिथे असले तर म्हणत, “चहा नको म्हणायला डिक्लाइन म्हणतात. त्याचा तास वेगळा हाय.” हसत नसत.

आता वेळेची गोष्ट.

तपासलेल्या वहीखाली सही आणि वेळ. रजेच्या अर्जावर वेळ. लग्नाची पत्रिका हातात पडली की तिच्या कोपऱ्यात ‘मिळाली, ५.४०’. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर दळणाची तारीख आणि वेळ होती. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “भाकर जळाली तरी किती वाजता जळाली ते सांगतेत.”

याचा त्यांना त्रास झाला नाही असे नाही. शाळेचे हजेरीपत्रक दहा वाजता भरायचे. नेकनूरकडून येणारी एसटी क्वचितच वेळेवर असे, आणि निम्मे शिक्षक त्याच गाडीने येत. सगळे उतरून एकत्र चालत येत, एकत्र सही करत आणि पुढे दहा लिहीत. सर १०.०७ लिहीत. कधी १०.१२. एकदा १०.३१. पुढे तपासणीला अधिकारी आले. त्यांनी वर्षाचे हजेरीपत्रक चाळले आणि शेऱ्यात लिहिले, की शाळेतला एक शिक्षक वारंवार उशिरा येतो, त्याला समज द्यावी. मुख्याध्यापकांनी समज दिली. ती मिळाल्याची सही सरांनी केली आणि खाली वेळ टाकली.

त्यांच्याबरोबर त्याच गाडीतून उतरणारे गणिताचे शिक्षक त्यांना म्हणाले होते, “दहा लिहायला काय जातं हो तुमचं?”

“दहा वाजता मी गाडीत होतो. तुमच्याच शेजारी.”

“ते आपल्याला म्हाईत हाय. मस्टरला कावून सांगायचं?”

लग्नांना ते मुहूर्ताला जात. पत्रिकेवर बारा पस्तीस छापले असेल तर बारा पस्तीसला मांडवात. आमच्याकडे बारा पस्तीसचे लग्न दोनच्या आत लागत नाही. तोपर्यंत पुढाऱ्यांचे सत्कार चालतात, पाहुण्यांची वाट पाहिली जाते. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिले. मांडवात दोन वाढपी, माईक जोडणारा एक आणि सर. त्यांनी घड्याळ पाहिले, खिशातून पुडी काढली, रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि माझ्या वडिलांना नमस्कार करून ते निघाले. वडील म्हणाले, “सर, जेवून जा की. नवरदेव अजून पारावरच हाय.”

“मुहूर्त झाला,” सर म्हणाले.

वडिलांनी त्यानंतर त्यांना घरच्या कार्याला बोलावले नाही. बऱ्याच घरांनी बोलावणे बंद केले. हा माणूस सोबतीला सुखाचा नव्हता. मयतीच्या घरीही कोणी ‘गेले दहाच्या सुमाराला’ म्हणाले, की ते विचारत, सुमाराला म्हणजे कधी.

मी दैनिकात लागल्यावर महिन्यातून एक-दोनदा त्यांचा फोन यायचा. नमस्कार, खुशाली काही नाही.

“पान तीन. ‘अधिकाऱ्यांनी माहिती नाकारली.’ म्हणजे काय? माहिती न्हाई म्हणले, का हाय पण देत न्हाई म्हणले?”

“देत नाही म्हणाले, सर.”

“मग देण्यास नकार दिला, असं लिही.”

“जागा नव्हती, सर. मथळा एका ओळीत बसवायचा होता.”

“एका शब्दानं माणूस फिरतो. त्याला जागा करायची.”

त्या फोनमुळे मी एक सवय लावून घेतली, ती अजून आहे. आरोप असेल तर ‘फेटाळला’ लिहितो, काम असेल तर ‘नकार दिला’. आमच्या कार्यालयात नव्या वार्ताहरांना हे मी शिकवतो. कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत त्या सकाळी जे बोलणे झाले ते असे होते. मी टेबलापासून एका हाताच्या अंतरावर बसलो होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तेवढी सही.”

“पेपर सुरू व्हायचाय अजून. काय निरंक?”

“रोजचंच हाय की. गाडी थांबत न्हाई.”

“एक वाजता पेपर सुटतो. एक पाचला देतो.”

“अकरा जणांनी केल्या. तुमालाच काय झालं?”

“मला काय झालं न्हाई. सही केली की मी वेळ टाकतो. आता टाकली तर पावणेअकरा येईल. पेपरात काय झालं न झालं ते मला एक वाजता कळणार.”

“मग वेळ टाकू नका.”

सरांनी आपल्या खोलीचे पाकीट उचलले.

“न्हाई तर एक वाजताची टाका.”

“माझं घड्याळ पुढं न्हाई,” सर म्हणाले आणि पाकीट घेऊन निघाले.

लिपिकाने माझ्याकडे पाहून हसून मान हलवली. मीही हसलो. टेबलावर अकरा अहवालांचा गठ्ठा होता. वरच्या कागदावर निरंक लिहिलेले होते, खाली सही होती. लिपिकाने गठ्ठा मोजताना तो माझ्यासमोर पंख्यासारखा पसरला, तेव्हा खालच्या कागदांवरही तोच शब्द दिसला. मी चहा संपवला.

माझी बातमी मी बारा वाजता पाठवली. केंद्रावर परीक्षा शांततेत पार पडली, गैरप्रकार आढळला नाही, असे तीत होते. पेपर सुटायला एक तास बाकी होता. परीक्षेच्या दिवसांत बातमी अशीच जात असे. पान लवकर लावायचे असायचे.

एक वाजून पाच मिनिटांनी सरांनी अहवाल दिला. गैरप्रकाराच्या रकान्यात ‘सात’ लिहिले होते. चिठ्ठ्या टाचणीने जोडल्या होत्या, मुलांचे आसनक्रमांक दिले होते. सही, १.०५. जीपवाला तोवर भोंगा वाजवत होता. मुख्याध्यापकांनी तो कागद गठ्ठ्यात जाऊ नये असा प्रयत्न केला; सर गठ्ठ्याला दोरी बांधून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. हे मला नंतर शाळेच्या शिपायाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “बातमी किती वाजता लिहिली?”

“बारा वाजता, सर.”

“हां,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अकरा खोल्यांत निरंक आणि बाराव्या खोलीत सात, हे वरच्या कार्यालयाला खटकले. खुलासे मागवले गेले. पुढच्या वर्षी गावचे केंद्र बंद झाले आणि मुलांना नऊ किलोमीटरवरच्या गावाला परीक्षेला जावे लागले. पारावर एका पालकाने सरांना अडवले. मी बातमीसाठी गावात होतो, मागे उभा राहून ऐकत होतो.

“मास्तर, तुमच्या एका सहीपायी आमच्या पोरींनी कुठवर जायचं?”

“माझ्या सहीपायी न्हाई. चिठ्ठ्यांपायी.”

“चिठ्ठ्या काय ह्याच वर्षी आल्या व्हय? तुमच्या आधी बी होत्या, केंद्र बी होतं.”

त्या वर्षी गावातल्या तीन मुली परीक्षेला बसल्या नाहीत. घरच्यांनी एवढ्या लांब पाठवले नाही. सरांना ते ठाऊक होते. त्याबद्दल ते काही बोलल्याचे मी ऐकले नाही.

पण ते पुढच्या वर्षीचे. त्याआधी, पेपर झाल्यानंतर तीन आठवड्यांनी, शाळा चालवणाऱ्या संस्थेने सरांना निलंबित केले. आरोप तीन होते. वरिष्ठांचा आदेश पाळला नाही. स्वतःच्या खोलीत कॉपी होऊ दिली. संस्थेची बदनामी व्हावी म्हणून खोटा अहवाल दिला. सरांच्या बचावात एकच मुद्दा होता: अहवाल पेपरआधी मागितला गेला, बाकी अकरा अहवाल पेपरआधी भरले गेले, म्हणून तिथे निरंक आहे. हे सिद्ध झाले तर पहिला आणि तिसरा आरोप उरत नव्हता, आणि दुसऱ्यात एकट्या सरांनाच धरता येत नव्हते. सिद्ध झाले नाही तर नोकरी जाणार होती. निवृत्तीला त्यांची सहा वर्षे राहिली होती.

अकरा पर्यवेक्षकांनी चौकशी समितीला सांगितले, की सह्या पेपर सुटल्यावर केल्या. मुख्याध्यापकांनी तेच सांगितले. लिपिकाने तेच सांगितले. शिपायाने, आपण पाणी आणायला गेलो होतो, असे सांगितले. कागदांवरून काही कळण्यासारखे नव्हते; अकरांपैकी एकाही सहीखाली वेळ नव्हती.

सरांनी आपला साक्षीदार म्हणून माझे नाव दिले. देण्याआधी मला विचारले नाही. साक्षीदाराला आधी भेटणे बरोबर नाही, असे त्यांचे मत होते. समितीची नोटीस टपालाने आली तेव्हा मला कळले.

माझे लग्न आदल्या वर्षी झाले होते. बायको त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत शिक्षणसेवक होती. तिच्या नेमणुकीला सरकारी मान्यता मिळायची होती आणि तो प्रस्ताव संस्थेकडून जायचा होता. सरांना हे माहीत होते. नेमणुकीच्या वेळी तिच्या इंग्रजी अर्जातल्या चुका त्यांनीच काढून दिल्या होत्या.

नोटीस आल्यानंतर चार दिवसांनी संस्थेचे सचिव बीडला आमच्या कार्यालयात आले. संपादकांना भेटले, मग माझ्या टेबलाशी येऊन बसले. आवाज चढवला नाही.

“पत्रकारसाहेब, त्या दिवशी तुमी चहा पीत होता ना?”

“हो.”

“मग चहाच पाह्यला असंल. माणूस चहा पिताना कागद कशाला वाचंल?”

मी पेनाला टोपण लावले.

“वहिनींचा प्रस्ताव टेबलावरच हाय माझ्या,” ते उठताना म्हणाले. “ह्या महिन्यात लावून टाकू.”

साक्षीला जाणे माझ्यावर सक्तीचे नव्हते. येत नाही असे मी समितीला कळवू शकत होतो. कळवले नाही.

चौकशी शाळेच्याच ग्रंथालयात झाली. तीन सदस्य, एक लिहून घेणारा. सर टेबलाच्या पलीकडे बसले होते. पांढरा सदरा, समोर पुठ्ठ्याची फाईल. मी आत आलो तेव्हा त्यांनी मान हलवली, वर्गात हजेरीला हलवत तशी. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी मला माझीच बातमी वाचून दाखवली, परीक्षा शांततेत पार पडल्याची, आणि ती मी लिहिली का असे विचारले. मी हो म्हणालो.

“पेपर सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर सह्या केलेले अहवाल तुम्ही पाहिले का?”

“मी चहा घेत होतो,” मी म्हणालो. “टेबलावर कागद होते. कसले होते ते मी पाहिले नाही.”

“सह्यांवरून काही बोलणं झालं?”

“माझ्या लक्षात नाही.”

लिहून घेणाऱ्याने ते लिहिले. अध्यक्ष सरांकडे वळले. “तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?”

सरांनी माझ्याकडे पाहिले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही.

“न्हाई,” ते म्हणाले.

“एकही प्रश्न न्हाई? तुमचाच साक्षीदार हाय, सर.”

“म्हणून न्हाई.”

जबाबाचा कागद सगळ्यांपुढून फिरला. आधी मी सही केली, मग अध्यक्षांनी. सरांनी पेन उघडले, हात वळवून घड्याळ पाहिले आणि सही केली. कागद उलट्या बाजूने होता. काय लिहिले ते मला दिसले नाही. मी चारच्या गाडीने बीडला परतलो.

बायकोची मान्यता जूनमध्ये आली. सरांच्या बडतर्फीचा आदेश ऑगस्टमध्ये निघाला. मुख्याध्यापक दोन वर्षांनी नियमाप्रमाणे निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाची बातमी आमच्या दैनिकात फोटोसह आली. सरांचे फोन आले नाहीत. मधल्या काळात एकदा आमच्याकडे मथळा लागला, ‘पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराने नाकारले’. काय नाकारले ते बातमीत कुठेच नव्हते. मी दिवसभर फोनजवळ होतो.

बडतर्फीविरुद्ध अपील करा, असे सरांना दोन वकिलांनी सांगितले होते. त्यांनी केले नाही. पुढे ते बीडला बसस्थानकामागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेऊ लागले. तिथे शिकलेला एक तरुण नंतर आमच्याकडे वार्ताहर म्हणून आला. मी त्याला डिनाय आणि रिफ्यूज सांगायला लागलो तेव्हा तो म्हणाला, हे आम्हाला पहिल्याच तासाला झाले आहे. मी विचारले, “डिनाय तोंडानं होतं, पुढचं काय?” तो म्हणाला, “पुढचं काही नव्हतं. तेवढंच सांगायचे.”

सर माझ्याशी नंतर एकदाच बोलले. बसस्थानकावर. नेकनूरची गाडी लागायची होती. टाळण्यासारखे अंतर नव्हते.

“कसा हायेस?”

“बरा आहे, सर.”

“बायकोची मान्यता आली का?”

“आली, सर.”

“कधी?”

“जूनमध्ये. त्याच वर्षीच्या.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “चांगली शिकवते ती. अर्जात स्पेलिंगच्या चुका होत्या फक्त.” मग फलाटाकडे पाहून म्हणाले, “गाडी लागली,” आणि पिशवी उचलून गेले. मी तिथे उभा होतो. गाडी अजून लागली नव्हती.

सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने आमच्या कार्यालयात फोन करून कळवले. बातमी लिहायला मी घेतली. नाव, वय, मागे कोण, अंत्यविधी कुठे झाला. मी निधनाची वेळ विचारली. ती म्हणाली, “दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ पाह्यलं. न्हाई तर रागावले असते.” बातमी चार ओळींची आली. वेळ तीत बसली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी चौकशीच्या कागदपत्रांच्या प्रतीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अर्जदाराला त्यात कारण द्यावे लागत नाही. शिक्षण खात्याच्या कार्यालयात फाईलची एक प्रत होती, ती मिळाली.

फाईल दोनशे अकरा पानांची आहे. पान एक्क्याऐंशीवर सरांचा त्या दिवशीचा अहवाल आहे. चिठ्ठ्या नाहीत, टाचणीची भोके दिसतात. पान एकशे अठ्ठावीसवर माझा जबाब आहे. तो सात ओळींचा आहे. त्याखाली सरांविषयी लिहिले आहे: ‘अपचारी कर्मचाऱ्याने साक्षीदारास प्रश्न विचारण्यास नकार दिला.’ त्याखाली तीन सह्या आहेत. माझी, अध्यक्षांची आणि सरांची.

संपूर्ण फाईलमध्ये सरांच्या सव्वीस सह्या आहेत. मी दोनदा मोजल्या. पंचवीस सह्यांखाली वेळ आहे. पान एकशे अठ्ठावीसवरच्या सहीखाली नाही.